किशोरवयीन मुलांच्या ग्रंथपालांची संघटना: बडोद्यातून सहभागी कसं व्हायचं?

तारीखपट्टी

नमस्कार मंडळी,

मी बडोद्यात एका शाळेत ग्रंथपाल आहे, अकरा वर्षं झाली. शाळेचं नाव देत नाही, कारण लिहिताना थोडी तक्रार होणारच आहे.

आमच्याकडे पाचवी-सहावीची मुलं लायब्ररीच्या तासाला पळत येतात. सातवीपर्यंत हे टिकतं. आठवीत तास पंधरवड्यातून एकदा होतो, नववीत तो गणिताला जातो. आणि दहावीचा मुलगा मला दिसतो तो थेट शेवटच्या आठवड्यात, नो ड्यूजच्या कागदावर सही घ्यायला आलेला. आवाज फुटलेला, मिसरूड आलेली, मान खाली. हाच मुलगा पाचवीत असताना मधल्या सुट्टीत डबा न खाता माझ्या टेबलाजवळ बसून वाचायचा, हे मला आठवतं. त्यालाही आठवत असणार. आम्ही दोघंही काही बोलत नाही. मी सही करते, तो जातो.

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत एक गोष्ट केली. तेरा ते सतरा वयाला आवडतील अशी पुस्तकं आमच्याकडे 'मोठ्यांची' म्हणून शिक्षककक्षातल्या कुलुपाच्या कपाटात होती. त्यातली चाळीस काढली, लायब्ररीत खिडकीजवळच्या बैठ्या टेबलावर मांडली आणि दाराला कागद लावला: 'आठवी ते दहावी, मधली सुट्टी, परवानगी लागत नाही.' एका पुस्तकाच्या तारीखपट्टीवर शेवटचा शिक्का नऊ वर्षांपूर्वीचा होता. जानेवारीपर्यंत ती पट्टी भरली आणि मला तिच्यावर दुसरी चिकटवावी लागली. माझ्या नोकरीत पट्टीवर पट्टी चिकटवण्याची वेळ पहिल्यांदा आली.

आता पुढे काय, हे विचारायला मला कोणीच नाही. शाळेत गणिताचे सात शिक्षक आहेत, ते एकमेकांना विचारतात. ग्रंथपाल मी एकटी. परीक्षा आली की मला सुपरव्हिजनला पाठवतात, पुस्तकवाटपाला पाठवतात, आणि लायब्ररीला कुलूप लागतं. ग्रंथपालांच्या ज्या बैठकांना गेले तिथे चर्चा संगणकीकरणाची आणि पदोन्नतीची. त्याही हव्यातच, पण चौदा वर्षांच्या मुलाशी पुस्तकाबद्दल कसं बोलायचं, हे तिथे कोणाला विचारणार?

अमेरिकेत फक्त किशोरवयीन मुलांसाठी काम करणाऱ्या ग्रंथपालांची संघटना आहे असं वाचलं. यंग अ‍ॅडल्ट लायब्ररी सर्व्हिसेस असोसिएशन, म्हणजे याल्सा. बारा ते अठरा हा त्यांचा वयोगट. इथून सभासद होता येतं का? झालं तर नुसती वर्गणी भरायची की कामही करता येतं? आणि आपल्याकडे असं काही आहे का? पैसे माझ्या पगारातून जाणार, म्हणून विचारून घेते.

---

विश्वामित्रीकाठ

ताई, मी बडोद्यातल्या वाडी भागात वाढले आणि गेली सोळा वर्षं अमेरिकेत एका सार्वजनिक ग्रंथालयात किशोर विभाग सांभाळते. तुमचा नो ड्यूजचा परिच्छेद दोनदा वाचला.

आधी रचना सांगते. याल्सा सुटी संस्था नाही. अमेरिकन लायब्ररी असोसिएशन ही मूळ संस्था, १८७६ सालची, फिलाडेल्फियात स्थापन झालेली. तिचा किशोरांसाठीचा वेगळा विभाग १९५७ मध्ये झाला, नाव पुढे बदललं. म्हणून आधी मूळ संस्थेचं सभासदत्व घ्यावं लागतं, मग त्यावर विभागाचं. परदेशातल्या ग्रंथपालांनाही सभासद होता येतं. वर्गणीचे आकडे बदलतात, ते तिथेच विचारून घ्या.

आता तुमचा खरा प्रश्न, वर्गणी की काम. मी पहिली तीन वर्षं नुसती वर्गणी भरली. त्रैमासिक यायचं, चाळायचे आणि कपाटात ठेवायचे. मनात एक समजूत होती की काम करणारी माणसं वेगळी असतात, त्यांना कोणीतरी बोलावतं. तसं नसतं. समितीवर काम करायची इच्छा असेल तर एक फॉर्म भरायचा असतो आणि नेमणुका अध्यक्ष किंवा नियोजित अध्यक्ष करतात. मी तो फॉर्म पहिल्यांदा भरला तेव्हा 'कोणतंही काम चालेल' असं लिहिलं. वर्षभर कोणी विचारलं नाही. दुसऱ्या वर्षी लिहिलं की माझ्या ग्रंथालयात वाचायला नाखूष मुलं जास्त येतात, त्यांच्यासाठी पुस्तकं निवडायचा मला अनुभव आहे आणि मंगळवारी-गुरुवारी संध्याकाळी मी मोकळी असते. महिनाभरात नेमणुकीचं पत्र आलं. अशा नाखूष वाचकांसाठी त्यांची 'क्विक पिक्स' नावाची यादीच आहे.

पहिल्या बैठकीत विचारलं, टिपणं कोण लिहिणार? सगळे गप्प. मी म्हटलं, मी लिहीन. ही गोष्ट मी आता प्रत्येक नव्या माणसाला सांगते: टिपणं लिहायला घ्या. कोण काय बोललं हे नीट ऐकावं लागतं, न कळलेलं विचारायचा हक्क मिळतो, आणि दोन महिन्यांत समितीतल्या प्रत्येकाशी तुमचा पत्रव्यवहार झालेला असतो. माझे आजचे सगळे जवळचे सहकारी त्या टिपणांतून मिळाले.

पुरस्कार समित्यांचं आकर्षण सगळ्यांना असतं. प्रिंट्झ पुरस्कार २००० पासून दिला जातो, किशोर साहित्यात त्याला मोठा मान आहे. पण त्या समितीवरच्या माणसाच्या घरी वर्षभर पुस्तकांची खोकी येत असतात आणि ती सगळी अमेरिकेत प्रकाशित झालेली असतात. बडोद्यातून तिथे सुरुवात करू नका.

तुम्हाला आज, एक पैसा न भरता घेण्यासारखं दोन ठिकाणी आहे. किशोरांसोबत काम करणाऱ्या कर्मचाऱ्याला काय काय यायला हवं याचा मसुदा याल्साने २०१७ मध्ये काढला, त्यात दहा क्षेत्रं आहेत. मुलांच्या वाढीची समज हे त्यातलं पहिलं, पुस्तकं नंतर येतात. आणि किशोरांच्या ग्रंथालयसेवेच्या भवितव्यावरचा २०१४ चा त्यांचा अहवाल. त्यातला एक शब्दप्रयोग माझ्या कामाच्या टेबलावर लिहून ठेवला आहे: किशोरांसाठी आणि किशोरांबरोबर. आधी आम्ही सगळं 'साठी' करायचो. आता माझ्याकडे बारा मुलांचं सल्लागार मंडळ आहे. कोणती पुस्तकं घ्यायची, टेबलं कशी लावायची, कोणता कार्यक्रम बंद करायचा, हे ती सांगतात.

---

दांडियाबाजार

मी कॉलेजमध्ये ग्रंथपाल आहे, म्हणून थोडं वेगळं सांगतो. ताईंच्या उत्साहावर पाणी टाकायचं नाही.

मी एका ग्रंथपाल संघटनेची वर्गणी चौदा वर्षं भरली. वार्षिक सभेला गेलो, शाल-श्रीफळ झालं, भाषणं झाली, जेवण झालं. मी शोधनिबंध वाचला तेव्हा सभागृहात सहा माणसं होती आणि त्यातली दोन पुढचे वक्ते. परतीच्या गाडीत बसून विचार केला की उद्या सकाळी माझ्या वाचनालयात यामुळे काय बदलणार आहे? उत्तर सापडलं नाही. पुढच्या वर्षी वर्गणी भरली नाही.

ताई, तुम्ही ते चाळीस पुस्तकांचं टेबल स्वतःच्या डोक्याने लावलंत. अमेरिकेला विचारून लावलं नाहीत. मग वर्गणीच्या पैशात आणखी पंधरा पुस्तकं का नाही?

---

विश्वामित्रीकाठ

दादा, तुमचं दुःख खरं आहे आणि ते इकडेही आहे. पण एक विचारते. त्या चौदा वर्षांत तुम्ही कधी कोणतं काम मागितलंत का? दोष देत नाही, मीही तीन वर्षं मागितलं नव्हतं. सभासद होऊन वाट पाहणाऱ्याला कुठलीच संघटना काही देत नाही. लहान काम मागावं, ज्याला शेवटची तारीख आहे. 'तीन महिन्यांत पंचवीस पुस्तकांची यादी' असं काम मागणाऱ्याला कोणी नाही म्हणत नाही.

आणि पंधरा पुस्तकांचा मुद्दा. ती कोणती पंधरा घ्यायची, हे ताई कोणाला विचारणार?

---

दांडियाबाजार

नाही, काम मागितलं नव्हतं. हे खरं.

---

जुना ग्रंथपाल

हा धागा मुलीने दाखवला. मी निवृत्त आहे. १९७९ साली महाराजा सयाजीराव विद्यापीठातून ग्रंथालयशास्त्राची पदवी घेतली, तो विभाग १९५६ पासूनचा. तुम्ही अमेरिका आणि बडोदा यांची सांगड घालता आहात, म्हणून लिहावंसं वाटलं. ही सांगड शंभर वर्षांपेक्षा जुनी आहे.

१९१० साली सयाजीराव महाराजांनी विल्यम अ‍ॅलन्सन बॉर्डन यांना अमेरिकेतून बडोद्याला आणलं. न्यू हेवनच्या यंग मेन्स इन्स्टिट्यूटचे ते ग्रंथपाल. महाराजांनी सक्तीचं प्राथमिक शिक्षण आधी अमरेलीत १८९३ मध्ये आणि मग १९०६ मध्ये सगळ्या राज्यात लागू केलं होतं. शाळा सुटली की मूल वाचायचं विसरतं, ही त्यांची काळजी. तारीखपट्टीताई, तुमची दहावीच्या मुलाची काळजी तीच आहे.

बॉर्डन तीन वर्षं राहिले. राजवाड्यातला महाराजांचा खासगी ग्रंथसंग्रह हा सेंट्रल लायब्ररीचा पाया झाला, तिथे बायकांसाठी आणि मुलांसाठी वेगळी सोय झाली, खेड्यांत लाकडी पेट्यांतून फिरती वाचनालयं जाऊ लागली. आज आपण मांडवीजवळ ज्या इमारतीत काचेच्या फरशीवरून चालतो ती नंतरची. पण मला सर्वांत मोलाचं वाटतं ते हे: १९११ मध्ये बॉर्डननी ग्रंथपालांचा प्रशिक्षण वर्ग सुरू केला आणि १९१२ मध्ये 'लायब्ररी मिसेलनी' हे नियतकालिक निघालं. त्यात इंग्रजी, गुजराती आणि मराठी असे तीन विभाग होते. म्हणजे ग्रंथपालाने ग्रंथपालाशी आपल्या कामाबद्दल मराठीत छापून बोलावं, ही सोय बडोद्यात तेव्हा होती. इंडियन लायब्ररी असोसिएशन कलकत्त्यात स्थापन झाली ती १९३३ साली.

तरी बॉर्डन आले आणि सगळं झालं असं नाही. गुजरातमधल्या चरोतर भागातले शिक्षक मोतीभाई अमीन त्याआधीपासून मित्रमंडळं काढून गावोगाव वाचनालयं उभी करत होते. बॉर्डन गेल्यावरही काम टिकलं ते अशा माणसांमुळे. म्हणून माझं मत असं की याल्साकडून घ्यायचं ते जरूर घ्या, पण सोबतीला रिक्षाने येऊ शकणारी चार माणसंही हवीत.

---

अकरावीत

मी बडोद्यातच शिकते. मोठ्यांच्या धाग्यात लिहू का माहीत नाही.

आमच्या शाळेत आठवीनंतर लायब्ररीत गेलं की विचारायचे, 'कोणता तास बुडवलास?' म्हणून जायचं बंद केलं. वाचायचं बंद केलं नव्हतं. मी मोबाइलवर वाचते, मैत्रिणींची पुस्तकं घेते. घरी मराठी बोलतो पण मराठीत मी वाचत नव्हते, कारण लायब्ररीत मराठीचं जे कपाट होतं त्यात एकतर अगदी लहान मुलांच्या गोष्टी नाहीतर जाड ऐतिहासिक कादंबऱ्या. मधलं काही नाही. मी मधलीच होते.

ताईंनी दाराला लावलेल्या कागदावर 'परवानगी लागत नाही' लिहिलं आहे ना, ते मला सगळ्यात आवडलं.

---

इंदुरी

अकरावीत, जरूर लिही. तू लिहिल्याशिवाय हा धागा पुरा झाला नसता.

मी इंदूरला एका छोट्या मोफत वाचनालयात शनिवार-रविवार काम करतो. नोकरी दुसरीच, ग्रंथालयाची पदवी नाही. मला वाटायचं संघटना म्हणजे पदवीधरांसाठी. पण भारतात आता पदवी न विचारणारी काही ठिकाणं आहेत, ती सांगतो.

टाटा ट्रस्ट्सचा पराग नावाचा उपक्रम आहे. ते ग्रंथालयात मुलांसोबत काम करणाऱ्यांसाठी लायब्ररी एज्युकेटर्स कोर्स चालवतात, हिंदी आणि इंग्रजीत. मुलांच्या आणि किशोरांच्या हिंदी-इंग्रजी पुस्तकांची पराग ऑनर लिस्टही काढतात. गोव्यात बुकवर्म आहे, ते २००५ पासून मुलांच्या वाचनालयाचं काम करतात. आणि फ्री लायब्ररीज नेटवर्क, देशभरातली मोफत आणि सर्वांसाठी खुली असलेली वाचनालयं त्यात जोडलेली आहेत. शाळेचे ग्रंथपाल असाल तर इंटरनॅशनल असोसिएशन ऑफ स्कूल लायब्ररियनशिप ही १९७१ पासूनची संस्था आहे. ऑक्टोबर हा तिचा शालेय ग्रंथालयांचा महिना. इफ्ला ही ग्रंथालयांची जागतिक संस्था, तिच्यात मुलं आणि किशोरांसाठीचा स्वतंत्र विभाग आहे आणि किशोरसेवेसाठीची त्यांची मार्गदर्शक तत्त्वंही वाचण्यासारखी आहेत.

पण मराठी किशोरांच्या पुस्तकांची, ग्रंथपालांनी आणि मुलांनी मिळून केलेली यादी मला अजून हाती लागलेली नाही. 'किशोर' मासिक १९७१ पासून आहे, त्याच्या जुन्या अंकांवर आमच्या मुलांच्या उड्या पडतात. पुस्तकांचं काय? महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या मराठी मुलाला, जो मराठी बोलतो पण सावकाश वाचतो, त्याला काय द्यायचं? हा प्रश्न इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे तिघांचाही आहे. आणि तो अमेरिकेतली समिती सोडवणार नाही.

---

आई_दोघांची

मी ग्रंथपाल नाही, आई आहे. मुलगी नववीत, मुलगा सहावीत. मनात आहे ते सरळ विचारते. कुलुपाच्या कपाटातली पुस्तकं बाहेर काढली हे वाचून मला आनंदही झाला आणि धास्तीही वाटली. किशोरांच्या पुस्तकांत आज प्रेम, शरीर, आत्महत्येचे विचार, सगळं असतं. मुलीच्या दप्तरात असं पुस्तक सापडलं तर मी काय समजावं? कोणतं द्यायचं हे कोण ठरवतं?

---

विश्वामित्रीकाठ

तुमची धास्ती अगदी रास्त आहे. मलाही चौदा वर्षांचा मुलगा आहे.

कोण ठरवतं याचं उत्तर लेखी असायला हवं. एकटा ग्रंथपाल मनाने ठरवायला लागला की दोनच गोष्टी होतात: तो घाबरून सगळं कुलुपात ठेवतो, नाहीतर पहिल्या तक्रारीला एकटा पडतो. आमच्याकडे निवडीचं धोरण लिहिलेलं असतं. पुस्तक कोणत्या निकषांवर घेतलं, कोणी वाचून पाहिलं, पालकाची हरकत आली तर तो काय लिहून देईल, ते कोण वाचेल, किती दिवसांत उत्तर मिळेल. अमेरिकन लायब्ररी असोसिएशनचा ग्रंथालय हक्कांचा जाहीरनामा १९३९ चा आहे. केवळ वयामुळे कोणाला ग्रंथालय नाकारू नये ही गोष्ट त्यात पुढे घातली गेली. त्याचबरोबर स्वतःच्या मुलाने काय वाचावं हे सांगण्याचा हक्क पालकाचा आहे, हेही तिथे मानतात. दुसऱ्याच्या मुलाबद्दल मात्र तो हक्क नाही.

आणि मुलीच्या दप्तरात पुस्तक सापडलं तर, माझा अनुभव सांगते, आधी स्वतः वाचा. मग तिला विचारा की यातलं कोण तुला पटलं. 'हे कशाला वाचतेस' असं विचारलं की दार बंद होतं. अवघड विषय पुस्तकात आधी भेटलेली मुलगी त्याबद्दल बोलायला शब्द घेऊन येते.

---

आई_दोघांची

हे असं कोणी शाळेत सांगितलं असतं तर बरं झालं असतं. पालकसभेत लायब्ररीबद्दल एकदाही कोणी बोललेलं मी ऐकलं नाही.

---

तारीखपट्टी

सगळ्यांची उत्तरं परत परत वाचते आहे. दोन अडचणी मनमोकळेपणाने सांगते.

पहिली इंग्रजीची. मला वाचता येतं, पत्र लिहिता येतं, पण दहा माणसांच्या बैठकीत फाडफाड बोलता येत नाही. घरी मराठी, शाळेत गुजराती. मुलंही मला 'लायब्ररीवाळां बेन' म्हणतात. दुसरी परवानगीची. मुख्याध्यापकांना सांगितलं की बाहेरच्या संघटनेचं काम करते, तर ते म्हणतील आधी शाळेचं करा.

---

विश्वामित्रीकाठ

इंग्रजीसाठीच तर टिपणं लिहा म्हणाले. लिहायला वेळ मिळतो. माझ्या समितीत एक बाई होत्या, त्यांची मातृभाषा स्पॅनिश. वर्षभरात बैठकीत फार तर पाच वाक्यं बोलल्या असतील, पण यादीतल्या पुस्तकांवरचे त्यांचे लेखी अभिप्राय आम्ही सगळ्यांत आधी वाचायचो, कारण प्रत्येक अभिप्रायात एका खऱ्या मुलाने काय म्हटलं ते असायचं.

एक गोष्ट राहिली होती, जुने ग्रंथपाल यांच्या लाकडी पेट्यांवरून आठवली. आमच्याकडे मार्गारेट एडवर्ड्स या किशोर ग्रंथालयसेवेच्या आद्य स्त्रियांपैकी एक, त्यांच्या नावाने पुरस्कारही आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात त्या बाल्टिमोरच्या वस्त्यांत घोडागाडीत पुस्तकं घालून जायच्या. वाडीत लहानपणी हे कोणी सांगितलं असतं की बडोद्यातून रेल्वेने पेट्या जायच्या आणि तिकडे घोडागाडी, तर मी ग्रंथपाल व्हायचं दहा वर्षं आधी ठरवलं असतं.

---

दांडियाबाजार

परवानगीबद्दल मी सांगतो, हे मला जमतं. मुख्याध्यापकांना 'संघटना' हा शब्द सांगू नका. आकडा सांगा. नोव्हेंबर ते जानेवारी आठवी-नववी-दहावीची देवघेव किती झाली आणि आधीच्या वर्षी त्याच तीन महिन्यांत किती होती. तुमच्या देवघेवीच्या नोंदवहीत दोन्ही आहेत. एका पानावर लिहा, खाली सही करा, आवक क्रमांक घालून द्या. मग मागा: दर महिन्याचा एक शनिवार, शाळा सुटल्यावर दोन तास, लायब्ररीची किल्ली माझ्याकडे. एवढंच.

आणि शनिवारी कोणी येणार असेल तर मी येतो.

---

जुना ग्रंथपाल

मीही येईन. दोन जिने चढायचे नसले तर.

---

तारीखपट्टी

दोन महिन्यांनी लिहिते आहे, उशीर झाला.

दादांनी सांगितलं तसं पान लिहिलं. नोंदवही उघडून रेघा मारत बसले. आधीच्या वर्षी त्या तीन महिन्यांत वरच्या तीन इयत्तांची देवघेव २३, या वर्षी २१४. मुख्याध्यापकांनी पान वाचलं, चष्मा काढला आणि विचारलं, 'दहावीचेही?' मी म्हटलं, दहावीचे ६१. शनिवार मिळाला. किल्लीही मिळाली. नववीचा तास मात्र गणिताकडेच आहे, तो परत मिळालेला नाही. पुढच्या वर्षीचं वेळापत्रक मे महिन्यात होतं, तेव्हा पुन्हा पान लिहीन.

पहिल्या शनिवारी आम्ही पाच ग्रंथपाल होतो. दोन शाळांच्या, एक दादा, एक जुने काका आणि मी. लायब्ररी तळमजल्यावर आहे, काकांना जिना लागला नाही. आणि सात मुलं. माझी चार, दुसऱ्या शाळेतली दोन, आणि 'अकरावीत' स्वतः आली. तिने येऊन मराठीचं कपाट उघडलं आणि पुस्तकांचे तीन ढीग केले: 'लहानांची', 'आजोबांची' आणि 'कदाचित'. कदाचितच्या ढिगात नऊ पुस्तकं होती. तिथून यादी सुरू झाली.

कामाची पद्धत विश्वामित्रीकाठ यांच्याकडून घेतली. एक पुस्तक निदान तीन मुलांनी आणि एका ग्रंथपालाने वाचायचं. कार्डावर तीनच ओळी: कुठे थांबावंसं वाटलं, कुठे थांबता येईना, कोणाला देशील. टिपणं मी लिहिते. पहिल्याच कार्डावर आठवीच्या एका मुलाने 'कोणाला देशील' पुढे लिहिलं: 'मोठ्या भावाला, पण मी दिलं असं सांगू नका.' ते कार्ड मी मुख्याध्यापकांनाही दाखवलं नाही.

आतापर्यंत यादीत सहा पुस्तकं पक्की झाली. इंदुरी यांनी त्यांच्या मुलांकडून चार सुचवली, ती इथे वाचायला दिली आहेत. एका पुस्तकावर इंदूर आणि बडोद्याच्या मुलांचं अजिबात पटत नाही. ते भांडण अजून सुटलेलं नाही, मुलंच एकमेकांना पत्रं लिहित आहेत. आई_दोघांची यांनी निवडीच्या धोरणाचा कच्चा मसुदा वाचून पालकाच्या बाजूने अकरा प्रश्न काढले. त्यातल्या सात प्रश्नांची उत्तरं आमच्याकडे नव्हती. आता चारांची आहेत.

याल्साचं सांगते. सभासद झाले. वर्गणी जास्त वाटली, पण जुन्या काकांनी अर्धी दिली आणि परत घ्यायला नकार दिला. फॉर्मवर 'कोणतंही काम चालेल' असं लिहिलं नाही. लिहिलं की घरी एक भाषा, शाळेत दुसरी आणि पुस्तकात तिसरी अशी मुलं माझ्याकडे येतात, त्यांच्या वाचनाबद्दल मला काम करायचं आहे, भारतीय वेळेनुसार सकाळी सहा ते आठ मी बसू शकते. अजून उत्तर नाही. आलं की कळवीन.

---

विश्वामित्रीकाठ

ताई, उत्तर नाही आलं तर पुढच्या वर्षी पुन्हा भरा, मीही दोनदा भरला होता. आणि ती तीन ओळींची कार्डं मला पाठवा, फोटो काढून. माझ्या बारा मुलांना दाखवायची आहेत. त्यांच्यात दोन गुजराती आहेत आणि एक मराठी, जो मराठीत वाचत नाही. अजून.

---

दांडियाबाजार

पुढचा शनिवार पक्का, साडेबाराला शाळा सुटते, एकला सुरू करू. नवीन येणाऱ्यांनी मागच्या दाराने यावं, पुढचं फाटक बंद असतं. 'कदाचित'च्या ढिगातली उरलेली तीन पुस्तकं माझ्याकडे आहेत. दोन वाचून झाली, तिसरं आणतो. कोरी कार्डं संपली आहेत, मी शंभर छापून घेतो.